ताडपत्री कुठाय?

आज दुपारी रस्ता रुंदीकरणाचा डंपर आमच्या वाड्यावरून ताडपत्री न घालता भरधाव गेला. अंगणवाडीत पोरं जेवायला बसली होती, त्यांच्या ताटातल्या भातावर लाल धूळ बसलेली मी डोळ्यांनी पाहिली. जीव तुटला. पाण्याचा टँकर सकाळी एकदा फिरवला की झालं! उन्हात तासाभरात सगळं कोरडं. हवेतल्या पीएम१०ची, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बारीक धुळीची, मर्यादा 24 तासांना घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम, पण इथे ती मोजतो कोण? आणि खणणारे कामगार? तोंडाला नुसता गमछा. 2017 साली धुळीला आणि पाणीटंचाईला कंटाळून गोव्यातल्या सोनशी गावच्या लोकांनी खाणीचे ट्रक अडवले, तर तुरुंगात जावं लागलं त्यांना. रविवारी ग्रामसभेत हा विषय मी काढणारच. वाड्यावरच्या सगळ्यांनी या, आयांनी तर नक्कीच.