पाच मायक्रॉनचा स्टॉल

चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये स्टॉल लावायचा तर आमच्या कंपनीला फारशी तयारी लागत नाही. भोसरीहून टेम्पो निघतो, काही राहिलंच तर दुपारी कुणीतरी गाडीवर टाकून आणतं. इमटेक्स या मशीन टूल्सच्या प्रदर्शनाला ही सोय नाही. बंगळूरचं बीआयईसी हे प्रदर्शन केंद्र इथून आठशेच्या वर किलोमीटर, आणि २३ जानेवारी २०२५ ला सकाळी दारं उघडणार म्हणजे उघडणारच होती.

आम्ही वर्कहोल्डिंगवाले. मशीनवर जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, पकडायला लागणारी फिक्श्चर्स बनवतो. सरांच्या डोक्यात होतं की एक व्हीएमसीच (धातू कापायचं संगणकावर चालणारं मशीन) उभी करू आणि तिच्यावर आपलं फिक्श्चर चालवून दाखवू. जागा मात्र १८ चौरस मीटर. मशीन आत आल्यावर माणसं उभी करायची कुठे? वर कूलंट, धातूचा कीस, क्रेनचा खर्च. आणि चालू मशीन समोर असलं की बघणारा मशीनच बघतो, आतलं फिक्श्चर कुणाला दिसत नाही. शेवटी ठरलं ते असं: बिडाच्या टेबलावर झिरो-पॉइंट क्लॅम्पिंगचा चक, म्हणजे दर वेळी नेमक्या त्याच जागी पकडणारी पकड, त्यावर पॅलेट, म्हणजे जॉब बसवायची प्लेट, शेजारी एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवणारा लिव्हर डायल. येणाऱ्याने स्वतः बटण दाबायचं, पॅलेट उचलायचं, परत बसवायचं आणि काटा कुठे येतो ते बघायचं. कॅटलॉगमध्ये रिपिटेबिलिटी, म्हणजे परत बसवल्यावर जागेत पडणारा फरक, ५ मायक्रॉन छापलीय, ती त्याच्या डोळ्यांदेखत आली पाहिजे.

स्टॉल बांधणाऱ्या फॅब्रिकेटरच्या डिझायनरने थ्रीडी चित्र पाठवलं. देखणं होतं, त्यात वाद नाही. खाली १०० मिलिमीटर उंचीचा लाकडी प्लॅटफॉर्म, त्यावर करडं कार्पेट, आणि टेबलावर वरून दोन झगझगीत स्पॉटलाइट. सर खूश. असेंब्लीतल्या काकांनी चित्राकडे एकदा बघितलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये त्यांनी लाकडी फळ्यांवर प्लाय टाकून तसाच पोकळ प्लॅटफॉर्म केला होता, वर टेबल, डायल लावलेला. मला म्हणाले, "मॅडम, आता जरा इकडून तिकडे चाला." मी चालले. काटा नाचायला लागला. मग त्यांनी स्टोअरमधल्या दोघा धष्टपुष्ट पोरांना चालायला लावलं, तेव्हा तर डायल वाचताच येईना.

प्लॅटफॉर्म काढून टाकणं शक्य नव्हतं. वायरी आणि हवेच्या नळ्या त्याच्याखालून जातात, उघड्या ठेवल्या तर लोक अडखळतात. म्हणून टेबलापुरता प्लॅटफॉर्म कापायचा आणि टेबलाचे पाय थेट हॉलच्या काँक्रीटवर टेकवायचे, असं मी सांगितलं. फॅब्रिकेटर नाराज. कार्पेटला जोड दिसेल, चित्राची मजा जाईल, वगैरे. शेवटी कापाच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी मारायची या बोलीवर तो तयार झाला. आम्ही टेबलाचे पाय १०० मिलिमीटरने लांब करून घेतले, नाहीतर प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला वाकून बघावं लागलं असतं.

दिव्यांचा मुद्दा सरांना पटवायला वेळ लागला. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की साधारण ११.५ मायक्रॉन वाढतो. आमची प्लेट ३०० मिलिमीटरची. म्हणजे तीन अंशांच्या फरकाला जवळजवळ १० मायक्रॉन, आमच्या दाव्याच्या दुप्पट. दिवसभर एकाच बाजूवर झोत पडला तर संध्याकाळपर्यंत काटा सरकणार आणि गिऱ्हाईक समजणार की यांचा चकच सैल आहे. दिवे मागच्या भिंतीकडे वळवले, टेबलाला नुसता पसरट उजेड ठेवला. फोटो थोडे फिके आले, येऊ देत.

मग हवा. हा चक स्प्रिंगच्या जोरावर पकडतो आणि हवेच्या दाबावर सोडतो, म्हणजे मध्येच हवा गेली तरी जॉब हातात येत नाही. सोडायला ६ बार लागतात. छोटा कॉम्प्रेसर न्यायचा विचार होता, पण त्याच्या घरघरीत गिऱ्हाइकाशी बोलणार कसं? म्हणून आयोजकांकडे हवेच्या कनेक्शनचा फॉर्म भरला. मला विचाराल तर प्रदर्शनाची निम्मी तयारी या फॉर्मांतच असते. वीज किती किलोवॉट, हवा किती बार, कनेक्शन स्टॉलच्या कुठल्या कोपऱ्यात, आत येणाऱ्यांचे बॅज. कोपऱ्याची खूण नकाशावर चुकीच्या बाजूला झाली तर नळी सगळा प्लॅटफॉर्म ओलांडून आणावी लागते. बाहेरच्या लाइनची हवा कोरडी असेलच असं नाही, म्हणून काकांनी हवा गाळून तिचा दाब नेमणारं एफआरएल युनिट आपलंच बरोबर घेतलं.

भिंतीवर सरांना सगळा कॅटलॉग हवा होता. तिथे मी हट्टाला पेटले. कमरेच्या खाली लिहिलेलं कुणी वाचत नाही, कारण तिथे माणसं उभी असतात. चार प्रॉडक्टची नावं डोळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरात, एवढंच राहिलं.

संक्रांत पॅकिंगमध्येच गेली. टेबलाला गंजरोधक तेल, वर गंज रोखणारा व्हीसीआय कागद, लाकडी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. अकाउंट्सच्या ताईंनी 'प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी नाही' असा डिलिव्हरी चलान आणि मालवाहतुकीला लागणारं ई-वे बिल काढून दिलं. ई-वे बिलाला २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मुदत मिळते, त्यामुळे वाटेत हुबळीला टायर बदलावा लागला तरी धास्ती नव्हती. बीआयईसी तुमकूर रोडवरच असल्याने पुण्याचा ट्रक शहरात न शिरता पोहोचतो. माणसांचीही या वेळी सोय झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेट्रोची ग्रीन लाइन नागसंद्राहून मादावरापर्यंत आली होती, आम्ही यशवंतपूरला उतरलो होतो, तिथून थेट.

हॉलमध्ये उभारणीच्या दिवसांत काय चालतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. भुसा, रंगाचा वास, फोर्कलिफ्टचे भोंगे, आणि प्रत्येकाला आपलंच काम आधी हवं. जड सामान सगळ्यात आधी आत गेलं पाहिजे, कारण शेजारचे प्लॅटफॉर्म उभे राहिले की फोर्कलिफ्टला वळायला जागा उरत नाही. आमचं टेबल मोकळ्या फरशीवर बसलं, काकांनी पाणसळ लावून, पायांखाली शिम (पातळ पत्र्या) सरकवून ते समतल केलं आणि मगच मिस्त्रींना भोवतीनं प्लॅटफॉर्म उभारू दिला. मिस्त्रींना ही उलटी रीत आवडली नाही. रात्री उशिरा हवा सुरू झाली. पॅलेट काढलं, बसवलं. दोन मायक्रॉन. पुन्हा केलं, तीन. प्लॅटफॉर्मवर सुतार ये-जा करत होते तरी काटा जागेवर.

प्रदर्शनात लोकांनी बटण इतकं दाबलं की तिसऱ्या दिवशी ते बदलावं लागलं. काकांच्या पेटीत जास्तीचं होतं. तिळाच्या वड्या पुरल्या नाहीत. परत आल्यावर चौकशांची यादी एक्सेलमध्ये भरली आणि पहिली ट्रायल ऑर्डर आली ती चाकणच्या कारखान्याकडून. मोशीला ट्रॅफिक नसेल तर आमच्याकडून तासाभराच्या आत. त्यांचे प्रॉडक्शन मॅनेजर फोनवर म्हणाले, "तुम्ही भोसरीत आहात हे मला बंगळूरला कळलं."