रुळाची घंटा आणि ऑक्टोबरची वारी

शाळेच्या ऑफिसबाहेर गुणवंतांचा फलक आहे. दरवर्षी दहावीत पहिल्या आलेल्याचं नाव, पुढे टक्के, सगळं पांढऱ्या ऑइलपेंटने. शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत मागायला हेडसरांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "सर, माझं नाव त्या फलकावर नाही. मार्च 1992 ला मी गणित आणि इंग्रजी, दोन्हीत उडालेलो." सर म्हणाले, "फलकावरच्या कुणीच अजून लिहून दिलेलं नाही. तुम्ही तरी द्या." म्हणून हे चार शब्द.

तेव्हा नापासांची फेरपरीक्षा ऑक्टोबरात व्हायची आणि घरोघरी तिला 'ऑक्टोबरची वारी' म्हणायचे. आमच्या घरात आषाढीची वारी आजोबा करायचे, ऑक्टोबरची मी केली. गणितात काठावर सुटलो. पण त्या वर्षीचे आयटीआयचे प्रवेश केव्हाच संपले होते. वडील म्हणाले, बसून काय करतोस, आणि मला स्टँडजवळच्या ग्रिलच्या दुकानात नेऊन सोडलं. तिथे आठ महिने मी पट्ट्या कापल्या, ग्राइंडर धरला आणि चहा आणला. वेल्डिंगचा होल्डर, म्हणजे रॉड धरायची मूठ, हातात मिळाला नाही. पण चोरून बघायची सवय लागली, आणि उघड्या डोळ्यांनी बघितल्याचं फळ पहिल्याच आठवड्यात मिळालं. रात्री दोनला जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखी. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, आजीने गुलाबपाणी घातलं. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या ठिणगीच्या, उजेडातले अतिनील किरण डोळ्याचा वरचा पडदा भाजून काढतात हे मला नंतर कळलं. त्या रात्री फक्त एवढं कळलं की काळी काच ही शोभेची वस्तू नाही.

1993 ला आयटीआयला वेल्डर ट्रेड घेतला. एक वर्षाचा कोर्स. खरं म्हणजे फिटर हवा होता, पण यादीत तिथपर्यंत नंबर लागला नाही. पहिला महिना रॉड प्लेटला नुसता चिकटायचा. ओढून काढावा तर आवरण झडून जायचं आणि हातात नागडी तार राहायची. आमचे सर पाठीमागे उभे राहून म्हणायचे, "डोळ्याने नाही, कानाने कर. कढईत भजी पडल्यासारखा आवाज आला पाहिजे." आर्क लांब गेला की तो आवाज फाटतो, फडफडायला लागतो आणि प्लेटवर स्पॅटरच्या, म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या, गोळ्या उडतात. आज कुणी पलीकडच्या गाळ्यात काम करत असला तरी नुसत्या आवाजावरून मी सांगू शकतो की याचा आर्क लांब आहे किंवा करंट कमी आहे.

आता घंटेची गोष्ट. जुन्या विद्यार्थ्यांना ती आठवत असेल, व्हरांड्याच्या तुळईला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. 1994 च्या उन्हाळ्यात तिचा वरचा हूक झिजून तुटला. मी आयटीआयला आहे हे शिपाईमामांना ठाऊक होतं. "आपलंच पोरगं हाय, करील की," म्हणून त्यांनी मला बोलावलं. दुकानाचं मशीन हातगाडीवर घालून आणलं. साधा 6013 चा रॉड घेतला आणि नवा हूक असा काही बसवला की बघणाऱ्याने बघत राहावं. बीडवरच्या, म्हणजे वितळून बसलेल्या लोखंडाच्या पट्टीवरच्या, लाटा एकसारख्या, कडेला कुठे अंडरकट, म्हणजे खाच, नाही. हेडसरांनी पाठीवर हात ठेवला. शाळेत माझ्या पाठीवर तसा हात पहिल्यांदाच पडला, एरवी पडायचा तो वेगळ्या कारणासाठी.

शाळा सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात, परिपाठाच्या वेळी, घंटा खाली आली. जोड मधून तुटला नव्हता. वेल्डिंगच्या कडेने, रुळाच्या बाजूने, सुरीने कापल्यासारखा सुटला होता. नशीब, खाली कुणी नव्हतं. शिपाईमामा म्हणाले, "तुझ्या गणितागतच निसटला की रं." पुढे कितीतरी वर्षं घंटा जाड तारेने बांधलेली होती, आणि शाळेवरून जाताना मी मान दुसरीकडे वळवायचो.

का सुटला, हे मला सहा-सात वर्षांनी उमगलं. रुळाच्या पोलादात कार्बन भरपूर असतो. साध्या पट्टीसारखं त्यावर थेट वेल्डिंग केलं की तापलेला भाग भोवतालच्या थंड लोखंडामुळे झटकन निवतो आणि जोडाच्या कडेची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. आधी रूळ चांगला तापवून घ्यायचा, 7018 सारखा लो-हायड्रोजन रॉड भट्टीत वाळवून वापरायचा आणि नंतर सावकाश निवू द्यायचं, तर कदाचित टिकला असता. वर टोल्यांवर टोले पडणार, म्हणजे ठिसूळ भागाची रोजच परीक्षा. वरून देखणा जोड आतून कसा असेल याचा भरवसा नाही, हे मला पुस्तकाच्या आधी त्या घंटेने शिकवलं.

पुढची दहा वर्षं थोडक्यात सांगतो. आधी उसाच्या ट्रॉल्या, मग साखर कारखान्यांची ऑफ-सीझनची कामं. गळीत हंगाम संपला की दिवाळीपर्यंत कारखाना उघडून पडलेला असतो. रस तापवणारे हीटर, बाष्पीभवनाच्या बॉडीज, मळीच्या टाक्या, आणि सगळ्यात मानाचं काम म्हणजे बॉयलर. बॉयलरला आयबीआरचं, म्हणजे 1950 च्या भारतीय बॉयलर नियमांखालचं प्रमाणपत्र असलेलाच वेल्डर चालतो. ते मिळायच्या आधी मी टाक्यांवर होतो, रोज 40 रुपयांवर.

टाक्यांवरच गणिताच्या बाई आठवल्या. आतून 1200 मिमी व्यासाची टाकी, 12 मिमीची प्लेट. प्लेट किती लांब कापायची? मी 1200 ला 3.14 ने गुणून खडूची रेघ मारली. फिटरने ती पायाने पुसली आणि म्हणाला, "जाडी कुठं गेली?" प्लेट वाकवताना बाहेरची बाजू ताणते, आतली दबते, म्हणून माप मधल्या व्यासाचं धरायचं, 1212. म्हणजे 3807 मिमीच्या थोडं वर. माझ्या हिशेबाने टाकी जवळजवळ चार सेंटीमीटर उघडी राहिली असती. बाई, परीघाचं सूत्र तुम्ही फळ्यावर पाच वेळा लिहून घेतलं होतं, पण फळ्याला जाडी नव्हती!

बॉयलरवर गेलो तेव्हा आरसा हातात आला. पाण्याच्या अडीच इंची नळ्या भिंतीसारख्या शेजारीशेजारी उभ्या असतात आणि मागच्या बाजूला डोकं जायला जागा नसते. जोड मात्र नळीभोवती पूर्ण फिरवावाच लागतो. मग मागे आरसा तारेने बांधायचा आणि त्यात बघत टिग करायचं, म्हणजे एका हाताने आर्क आणि दुसऱ्याने फिलरची तार देत करायचं वेल्डिंग. डावं डावीकडेच दिसतं, उजवं उजवीकडेच, पण पुढचं-मागचं उलटं होतं. फिलरची तार पुढे सरकवावी तर आरशात ती आपल्याकडे येताना दिसते. हात म्हणतो एक, डोळा म्हणतो दुसरं. मी घरी सराव करायचो, पाइपचा तुकडा खुर्चीला बांधून त्याच्या मागच्या अंगाला पेन्सिलीने रेघ मारत, आरशात बघून. लग्न नवीन होतं, आरसा बायकोच्या रुखवतातला. एक दिवस तोच साईटवर नेला आणि स्पॅटरने त्याच्यावर देवी उठल्यासारखे ठिपके पडले. मुलं कॉलेजात गेली तरी हा विषय आमच्या घरात संपलेला नाही.

वेल्डरच्या परीक्षांबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण बाहेर कुणाला ते माहीत नसतं. शिक्षक, क्लार्क एकदा परीक्षा पास होऊन नोकरीला लागतात. वेल्डर प्रत्येक नव्या साईटवर पहिल्या दिवशी परीक्षेला बसतो, वीस वर्षांचा अनुभव असला तरी. शिवाय एखाद्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या नियमाप्रमाणे ती पात्रता संपते. आमची दहावी म्हणजे 6जी. पाइपचे दोन तुकडे पंचेचाळीस अंशांत तिरपे बांधलेले असतात. पाइप हलवायचा नाही, आपण हलायचं. खालच्या भागाला उताणं, बाजूला ओणवं, वरच्याला वाकून. पहिला थर, म्हणजे रूट, टिगने. दोन तुकड्यांतली फट अडीच-तीन मिमी. वितळलेल्या लोखंडात समोर एक बारीकसं भोक उघडं ठेवत ते भोक सोबत पुढे नेत राहायचं. भोक मोठं झालं की लोखंड आत लोंबतं, बुजलं की आत पोहोचतच नाही. हात थरथरतो म्हणून मी करंगळी पाइपला टेकवतो. श्वास सोडत बीड, श्वास घ्यायला थांबा.

मग जोडाची, एक्स-रेसारखी, फिल्म निघते. रात्री सगळ्यांना लांब घालवून, दोरी बांधून, इरिडियमचा किरणोत्सारी सोर्स लावतात. सकाळी फिल्म दिव्यासमोर धरली की आतलं सगळं उघडं. वायूचे बुडबुडे राहिले तर काळे टिपके, रूट पोहोचला नाही तर काळी रेघ. माझ्या पहिल्या 6जीला बरोबर खालच्या बाजूला अर्धा इंच काळी रेघ आली. टॅकची, म्हणजे तुकडे जागेवर धरणाऱ्या छोट्या तात्पुरत्या जोडांची, टोकं ग्राइंड करून निमुळती केली नव्हती, तिथे रूट मिसळलाच नाही. इन्स्पेक्टर काही बोलला नाही, नुसती फिल्म माझ्या हातात दिली. मी पुन्हा वारीला. महिन्याने दुसऱ्या प्रयत्नात पास झालो. पहिल्या कंत्राटदाराने मधल्या महिन्याची हजेरी बुडवली ती बुडवलीच.

पास झालं की वेल्डरला नंबर मिळतो. प्रत्येक जोडाच्या शेजारी तो नंबर मार्करने लिहायचा. नाव कुठेच नाही. वर्षभरात त्यावर उष्णता अडवणारी लोकर आणि पत्रा चढतो आणि नंबरही दिसेनासा होतो. गुणवंतांच्या फलकाच्या अगदी उलटा प्रकार.

2009 ते 2013 मी अबू धाबीच्या रुवैसला रिफायनरीच्या कामावर होतो. इथे शाळेचे आभार खरोखर मानायला हवेत. दहावी पास असल्याने माझ्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा, शिक्का नव्हता आणि त्या मंजुरीसाठी फेऱ्या पडल्या नाहीत. माझ्याबरोबर ट्रेड टेस्ट दिलेला, माझ्यापेक्षा सरस हाताचा एक जण आठवी शिकलेला होता. त्याचं विमान कागदांसाठी दोन महिने मागे राहिलं. ऑक्टोबरची का असेना, वारी फळली. तिथे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम आहे. पण उन्हापेक्षा त्रास वाऱ्याचा. टिगच्या आर्कभोवती आर्गॉन वायूचं पांघरूण असतं, ते वाऱ्याने उडालं की जोडाला जाळी पडते. म्हणून प्रत्येक जोडाला ताडपत्रीचा तंबू, आणि त्या तंबूत मी. बाहेर पंचेचाळीस अंश असतील तर आत किती, ते मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

आता 49 चालू आहे. काळ्या काचेच्या आत भिंगाची काच लावावी लागते. मागच्याच महिन्यात एका कारखान्यात पंचवीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसून 6जी दिली. नववी-दहावीच्या मुलांपैकी कुणी या कामाकडे वळणार असेल तर एवढंच सांगेन: आयटीआयनंतर ॲप्रेंटिसशिप सोडू नका, टिग लवकर शिका आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप बंद खोलीत जोडू नका. जस्ताच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. लोक त्यावर गूळ खायला सांगतात. मीही खायचो, पण खिडकी उघडणं जास्त गुणकारी.

महोत्सवाची तयारी बघायला दिवाळीत शाळेत गेलो होतो. घंटा अजून तारेवरच. म्हटलं, आता हे काम पुरं करू. मशीन आणलंच नाही. रुळाच्या मधल्या पात्याला ड्रिलने भोक पाडलं. सावकाश, तेल सोडत, तरी दोन बिट बोथट झाले. जाड बोल्ट आणि कडी लावून टांगली. एक पाचवीतला मुलगा सुट्टीतही तिथेच घोटाळत होता. म्हणाला, "काका, तुम्ही वेल्डर ना? मग वेल्डिंग का नाही केलं?" मी कार्बनबद्दल सांगायला सुरुवात केली. त्याने अर्ध्यातच हातोडी उचलली आणि ठणाणा टोल दिला. आत जादा तासाला बसलेला दहावीचा वर्ग दप्तरं घेऊन बाहेर आला.