उडदाचा डबा

डिसेंबर 2024. थंडीत इंदूरच्या सराफ्यात उभं राहून गराडू, म्हणजे तळलेला कंद, खात होतो. बिटकॉइन, ते इंटरनेटवरचं आभासी चलन, पहिल्यांदाच एक लाख डॉलरच्या वर गेल्याची बातमी ताजी होती. मित्राने विचारलं, "क्या भिया, तेरे पास भी है क्या?" मी गरम फोड तोंडात टाकून जीभ भाजल्याची खूण केली. तेवढ्यात विषय भुट्ट्याच्या किसावर गेला आणि मी सुटलो.

आहे ना माझ्याकडे. 2021च्या दिवाळीत, भाव 69 हजार डॉलरच्या आसपास पोचत असताना, बोनसमधले 45 हजार रुपये घातले. वर्षभरात भाव 16 हजार डॉलरच्याही खाली. तेव्हा सांगितलं असतं तर मामा म्हणाले असते, "तरी म्हणत होतो!" (ते काहीच म्हणत नव्हते.) आता सांगितलं तर त्यांना मामेभावाच्या फ्लॅटला कमी पडणारे पैसे आठवतील. पडलं तरी तोंड बंद, चढलं तरी बंद.

गंमत म्हणजे सरकारला सगळं ठाऊक आहे. मध्ये थोडं तोट्यात विकलं तेव्हा एक टक्का टीडीएस कापला गेला. नफा झाला की 30 टक्के कर, तोटा मात्र कशातूनच वजा होत नाही. रिटर्नमध्ये त्याचा वेगळा तक्ता भरावा लागतो. म्हणजे प्राप्तिकर खातं जाणतं, सीए जाणतात. रामबागेतल्या आमच्या घरातच पत्ता नव्हता.

याच घरात 2016च्या नोव्हेंबरात, नोटा रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, आईने उडदाच्या डब्यातून पाचशेच्या तेवीस नोटा काढून बाबांसमोर ठेवल्या होत्या. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. साडेअकरा हजारांचं त्यांना काहीच नव्हतं. पस्तीस वर्षं त्याच डाळीची आमटी खाल्ली, आणि डबा आपल्याला माहीत नव्हता, हे लागलं.

माझा डबा म्हणजे बारा इंग्रजी शब्दांचा एक कागद. बिटकॉइनचं वॉलेट उघडायची किल्ली. सराफ्यातलं सोनं रात्रीच्या खाऊगर्दीमुळे राखलं जातं, असं जुनी माणसं सांगतात. इथे उलटं: बारा शब्द दुसऱ्याला कळले तर पैसा गेला, आणि कोणालाच न सांगता मी गेलो तरीही गेला. बँकेसारखा नॉमिनीचा रकाना नाही.

म्हणून त्याच डिसेंबरात एका रात्री, आई झोपल्यावर, स्वयंपाकघरात बायकोसमोर कागद धरला. तिने उलटसुलट पाहिला.

"किती आहेत?"

"आठ लाख."

तिच्या हातातली पळी थांबली. मला तो क्षण जरा लांबवावासा वाटला, खोटं कशाला बोलू.

"...सातोशी. दहा कोटी सातोशींचा एक बिटकॉइन होतो. आपले सत्तर हजारही नाहीत."

"तीन वर्षं?" ती एवढंच म्हणाली. मग कागदाची चौपदरी घडी केली, फळीवरून उडदाचा डबा काढला आणि झाकण उघडलं.