आमची वाटचाल : छोट्या हत्तीपासून दोन खेपांपर्यंत

कराडला वडिलांचं फरशीचं दुकान. आधी शहाबादी आणि कडप्पा, मग ग्रॅनाइट. माल पोचवायला भाड्याचा टेम्पो बोलवायचो, पण गिऱ्हाईक सकाळी नऊला गवंडी लावून बसलेलं असायचं आणि टेम्पोवाला अकरा वाजता यायचा, म्हणून 2009 ला सेकंडहँड छोटा हत्ती घेतला. पाऊण टनाची गाडी, आम्ही त्यात सव्वा टन घालायचो. सगळे तसंच करतात, गाडी ओढतेय ना मग झालं, असं तेव्हा वाटायचं.

2018 ला कर्ज काढून नवी पिकअप घेतली, दीड टन पासिंग (कागदावर मंजूर असलेलं वजन). वडिलांनी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही तिच्यात 400 फूट (आमच्या धंद्यात फूट म्हणजे स्क्वेअर फूट) ग्रॅनाइट भरलं. फरशीवाला सगळा हिशोब फुटात करतो, किलोत कधीच करत नाही, रेट फुटावर, बिल फुटावर, त्यामुळे हौद्यात किती वजन पडलंय हे आम्हाला खरंच माहीत नसायचं.

मे 2019. चिपळूणला एका बंगल्याचा माल होता, ग्रॅनाइट आणि थोडा कडप्पा. पाटण, कोयनानगर करत गाडी निघाली, कुंभार्ली घाट उतरताना अर्ध्यावर ब्रेकचा लायनर जळाल्याचा वास यायला लागला. मी शेजारीच बसलेलो. मामा (आमचे ड्रायव्हर, त्यांना सगळे मामाच म्हणायचो) म्हणाले, "दादा, पॅडल खाली चाललंय." एवढंच. त्यांनी दुसरा गिअर टाकला मग पहिला, हँडब्रेक थोडाथोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि गटाराच्या कडेला टेकवून थांबवली. मागच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. मामा उतरले, चाकामागं दगड लावला आणि तिथंच रस्त्याकडेला बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे हात थरथरत होते ते मला अजून दिसतं.

पोफळीतून दुसरी गाडी मागवून निम्मा माल तिकडं चढवला. उतरवताना बघितलं तर मागच्या स्प्रिंगचा मेन पाटा तुटलेला.

परत आल्यावर मी पहिल्यांदा नीट हिशोब केला. दगडाचं वजन जाडीवर जातं. 18 एमएम ग्रॅनाइट एका स्क्वेअर फुटाला साधारण साडेचार किलो, 20 एमएम पाच किलो, इंचभर जाडीची कडप्पा सहा-सव्वासहा. ओट्याला लागते ती आठ बाय अडीचची 20 एमएम पट्टी म्हणजे 20 फूट, म्हणजे एक पट्टी 100 किलो. मग 400 फूट म्हणजे सरळ दोन टन झाले की! आणि आम्ही हे रोज करत होतो.

त्यापुढची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दीड टन पासिंग म्हणजे दीड टन माल असं आम्ही धरून चाललो होतो. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरगाडीचं, त्यांच्यातला फरक म्हणजे पासिंग. पण ते रिकामं वजन आपण गाडी घेतली तेव्हाचं. आम्ही नंतर हौद्यात स्लॅब उभे करायला लोखंडी घोडी वेल्ड करून घेतली, खाली जाड रबर, पुढं गार्ड, वर जाळी, टूलबॉक्स, दोरखंड, ताडपत्री. गाडी रिकामीच वजनकाट्यावर नेली तर आरसीपेक्षा 210 किलो जास्त भरली. त्यात ड्रायव्हर आणि दोन हमाल धरा, 200 किलो. म्हणजे दीड टनातले 410 किलो एकही फरशी न ठेवता संपले. मालाला राहिले 1,090 किलो, 20 एमएमचे फार तर 215 फूट. आम्ही जवळपास दुप्पट भरत होतो आणि वर गाडी दणकट आहे म्हणून कौतुक करत होतो.

पाटा बदलायला गेलो तेव्हा गॅरेजवाल्यानं दोन जादा पाटे टाकायचा सल्ला दिला, आम्ही टाकलेही, आणि ही चूक मला पहिल्या चुकीपेक्षा मोठी वाटते. जादा पाट्यानं गाडी वजनाखाली दबत नाही, मग बघणाऱ्याला वाटतं अजून जागा आहे. पण ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच. टायरच्या अंगावर साइजच्या पुढं एक आकडा असतो, तो 100 असेल तर त्या टायरला 800 किलो, त्यावर नाही, आणि तेही हवा बरोबर असेल तर. पाटे वाढवून तो आकडा बदलत नाही. घाटात तर सगळं वजन खाली ओढत असतं आणि ते आवरायचं काम लायनरनं करायचं, तापला की त्याची पकड जाते. आम्ही ते जादा पाटे महिन्यात काढून टाकले. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा हा मामांचा नियम, तो पुढच्या प्रत्येक ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगतो.

माल कुठं ठेवला यालाही तेवढाच अर्थ आहे. लांब स्लॅब हौद्याचा मागचा फाळका उघडा टाकून मागं बाहेर काढले की वजन मागच्या चाकाच्या पलीकडं जातं, पुढची बाजू उचलते, स्टेअरिंग हलकं लागतं आणि पुढचे टायर रस्ता नीट धरत नाहीत. आणि घोडीवर उभे स्लॅब एकाच बाजूला लावले तर वळणावर गाडी कलते. आता दोन्ही बाजूला सारखे, आणि जड पट्ट्या केबिनच्या बाजूला.

त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च आपलाच. लोक दंडाला घाबरून सुधारतात, चांगलंच आहे, पण मला तो घाट पुरेसा होता.

खरी अडचण गिऱ्हाइकाला समजावण्यात आली. एक जुना कॉन्ट्रॅक्टर वर्षभर आमच्याकडूनच माल घ्यायचा, त्याला सांगितलं 400 फूट दोन खेपांत येईल, तर तो म्हणाला बाकीचे एकात आणतात, आणि गेला तो गेलाच. पहिलं वर्ष फार जड गेलं, डिझेल वाढलं, हमाली दोनदा, वडील आणि माझ्यात रोज वाद. मग दुसऱ्या खेपेचं निम्मं भाडं आम्ही सोसायला लागलो आणि गिऱ्हाईक बुकिंगला आलं की तिथंच वजनाचा हिशोब कागदावर करून द्यायला लागलो. पाटे, टायर, लायनरचा खर्च इतका कमी झाला की ते निम्मं भाडं त्यातूनच निघायला लागलं, तेव्हा कुठं वडील गप्प झाले.

शेजारच्या मटेरियलवाल्यांनाही हेच सांगतो. सिमेंटचं पोतं 50 किलोचं, 30 पोती म्हणजे पुरा दीड टन, ड्रायव्हर वेगळा. वाळू एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, चार-साडेचार टन, ओली असेल तर आणखी, त्यामुळे दीड टनी पिकअपमध्ये पाव ब्रासच्या वर काही बसत नाही, आणि लोक अर्धा ब्रास मागतात, मिळतोही.

आज आमच्याकडं दोन पिकअप आहेत. गोडाऊनच्या भिंतीवर ऑइलपेंटनं तक्ता लिहिलाय, कुठली जाडी, फुटाला किती किलो, कुठल्या गाडीत किती फूट. भरणारा पोरगा आधी त्या तक्त्यापुढं उभा राहतो, मग स्लॅबला हात लावतो. प्रत्येक गाडीची रिकामी काटा पावती लॅमिनेट करून केबिनमध्ये लावलीय आणि गाडीत काहीही नवीन वेल्ड केलं की परत काटा करतो.

कुणाला आपल्या मालाचा, आपल्या गाडीचा हिशोब करून बघायचा असेल तर आरसी आणि काटा पावती घेऊन दुकानात या. फरशी आमच्याकडूनच घेतली पाहिजे असं काही नाही.