एएसएपॅकला पैसे द्यायचे का? रेसिडेंट मंडळींसाठी

दर ऑक्टोबरात अमेरिकन सोसायटी ऑफ अनेस्थेशियॉलॉजिस्ट्सचं, म्हणजे आमच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचं, एएसएचं, वार्षिक संमेलन झालं की इथल्या मराठी रेसिडेंट पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई ते एएसएपॅकवाले, म्हणजे एएसएच्या राजकीय देणगी निधीवाले, पैसे मागतायत, द्यायचे का, आणि आपण डॉक्टरांनी या राजकारणात पडायचं कशाला. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. एच-1बी किंवा जे-1 व्हिसावर असाल तर एक डॉलरसुद्धा द्यायचा नाही. निवडणुकीसाठी देणगी फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. फॉर्मवर त्याची एक चौकट असते, स्टॉलवर गर्दी असते, सिनियर शेजारी उभे असतात, म्हणून घाईघाईत टिक करून मोकळे होऊ नका. मित्राच्या नावावर आपले पैसे देणं तर अजून वाईट, तो वेगळा गुन्हा आहे. आणि पॅकचे पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या कमिटीतही व्हिसावरच्या माणसाने बसायचं नाही.

आता पॅक लागतेच कशाला? तर असोसिएशनला आपल्या वर्गणीतून काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, उमेदवाराला पैसे देता येत नाहीत, कायद्यानेच बंदी आहे. म्हणून सभासदांनी स्वतःच्या खिशातून वेगळे जमा केलेले पैसे, ती पॅक, म्हणजे पोलिटिकल अ‍ॅक्शन कमिटी. एका माणसाने वर्षाला जास्तीत जास्त 5,000 डॉलर द्यायचे, पॅकने एका उमेदवाराला प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीला, 5,000 आणि मुख्य निवडणुकीला, जनरलला, 5,000. वर्षाला 200 डॉलरच्या वर दिलेत की तुमचं नाव, गाव, नोकरी सगळं फेडरल इलेक्शन कमिशनच्या वेबसाइटवर, कुणीही बघावं. टॅक्समध्ये सूट मिळत नाही.

हे सगळं कशासाठी, तर रेटसाठी. मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी विम्यात, भुलेचे पैसे बाकी डॉक्टरांसारखे मोजत नाहीत. गुडघ्याच्या रिप्लेसमेंटला 7 बेस युनिट, म्हणजे त्या ऑपरेशनसाठी ठरलेले गुण, वर दर 15 मिनिटांना एक, म्हणजे दोन तासांच्या केसला 8, एकूण 15 युनिट. 2025 चा रेट युनिटला सुमारे 20 डॉलर 32 सेंट. गुणाकार करा, 305 डॉलरच्या आत येतो. ज्या पेशंटचं वय 80, हृदय कमजोर, त्याला झोपवून सुखरूप उठवायचे हे पैसे. सरकारच्याच गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने 2007 मध्ये सांगितलं की भुलेसाठी मेडिकेअर खाजगी विम्यापेक्षा सरासरी 67 टक्के कमी देतं. बाकीच्या ब्रँचचा फरक एवढा मोठा नाहीये. आणि वाढवून मागावं तर तिथे अजून एक गाठ, मेडिकेअरची डॉक्टरांची एकूण थैली ठरलेली, बदलांमुळे खर्च 2 कोटी डॉलरच्या वर वाढला तर तेवढं बाकीच्यांच्या रेटमधून कापायचं. 2021 ला ओपीडीतल्या तपासणीचे पैसे वाढवले तेव्हा सर्जन, रेडिओलॉजिस्ट, आम्ही, सगळ्यांच्या डोक्यावर कपात आली आणि शेवटच्या क्षणी काँग्रेसने वेगळे पैसे घालून ती कमी केली. म्हणून प्रत्येक ब्रँचची वेगळी पॅक, आणि जो गप्प बसेल त्याच्या ताटातलं आधी जातं.

त्यामुळे मी देते. दरवर्षी देते, आणि पॅकने कुणाकुणाला दिले ती यादीही काढून बघते. ती वाचताना त्रास होतो हे खरंय, कारण पॅक दोन्ही पक्षांना देते, आणि भुलेच्या रेटवर आपल्या बाजूचा असलेला माणूस बाकी दहा गोष्टींवर मला अजिबात न पटणारं मत देणारा असतो. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी देऊ नये, त्यांना कुणी कमी लेखू नये, आणि डिपार्टमेंटमधल्या सिनियरने रेसिडेंटला त्यावरून टोचून तर मुळीच बोलू नये.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. आपण पैशाचं भांडण पैशाचं म्हणून भांडावं, त्याला पेशंट सेफ्टीचं नाव देऊ नये.

भारतातून नवीन आलेल्यांना इथे पहिला धक्का बसतो तो नर्स अनेस्थेटिस्टचा. आपल्याकडे भूल म्हणजे डॉक्टरच. इथे एकोणिसाव्या शतकापासून नर्सेस भूल देतायत, त्यांची स्वतःची संघटना आहे, स्वतःची पॅक आहे. डॉक्टरच्या देखरेखीची मेडिकेअरची अट गव्हर्नरला आपल्या राज्यापुरती काढता येते हा नियम 2001 चा, आणि पहिलं राज्य आयोवा. तेव्हापासून हे भांडण प्रत्येक राज्यात चालूच आहे.

2016 मध्ये माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांसाठी, म्हणजे व्हीएसाठी, सरकारने प्रस्ताव काढला की अशा नर्सेसना स्वतंत्रपणे काम करू द्यावं. एएसए जोरात उतरली, सभासद, माजी सैनिक, त्यांच्या घरचे, सगळ्यांनी मिळून हजारो हजार हरकती पाठवल्या. डिसेंबरात अंतिम नियम आला, त्यात बाकीच्या प्रगत नर्सेसना मुभा दिली, नर्स अनेस्थेटिस्टना वगळलं. आपल्याकडे जल्लोष. पण कारण काय दिलं ते वाचा, व्हीएने स्पष्ट लिहिलं की या नर्सेसच्या क्षमतेवर शंका आहे म्हणून नाही, तर व्हीएत भुलेच्या सेवेची टंचाई नाही म्हणून. म्हणजे आपण घसा फोडून पेशंट सेफ्टीचा मुद्दा मांडला आणि निकाल लागला दुसऱ्याच मुद्द्यावर.

मे महिन्यात एएसएवाले खासदारांना भेटायला वॉशिंग्टनला जातात तेव्हा मीही गेलेय. संगमरवरी कॉरिडॉर, पायात नवे बूट, हातात एका पानाची कागदं, आणि भेटतो कोण, तर खासदाराच्या ऑफिसातला पंचविशीतला एखादा स्टाफर, खुर्च्या कमी म्हणून आम्ही निम्मे उभे. एकदा एका मुलीने सगळं नीट लिहून घेतलं आणि वर बघून विचारलं, नर्सेसचे लोक येऊन गेले, तेही पेशंट सेफ्टीच म्हणाले, मग मी साहेबांना काय सांगू? आमच्यातले एकजण पुन्हा सेफ्टीवरच सुरू झाले. मी गुडघ्याच्या केसचा तो 15 युनिटचा हिशोब कागदाच्या मागे लिहून दाखवला. तिने पहिल्यांदा पेन थांबवून विचारलं, एवढेच? तो कागद तिने ठेवून घेतला.

मी रोज नर्स अनेस्थेटिस्टबरोबर काम करते. अवघड श्वासनलिकेच्या केसला शेजारी कोण हवं याबद्दल माझी ठाम मतं आहेत, आणि जिथे खरोखर पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे मी वाट्टेल तेवढं भांडेन. पण रेट वाढवून मागताना तेच वाक्य वापरलं की खऱ्या वेळी त्याला वजन राहत नाही. हे मी आमच्या राज्याच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही बोलते, काहींना आवडत नाही.

आता व्हिसावरच्यांसाठी. पैसे देता येत नाहीत म्हणून हात बांधलेले नाहीत. मेडिकेअरच्या पुढच्या वर्षीच्या रेटचा प्रस्ताव साधारण जुलैत येतो, हरकती पाठवायला 60 दिवस असतात, आणि तिथे कुणी नागरिकत्व विचारत नाही. आपल्या ओटीतली एखादी केस घ्या, पेशंटची ओळख पटेल असं काही न लिहिता, किती युनिट, किती वेळ, किती पैसे एवढं मांडा. असोसिएशनचं तयार पत्र जसंच्या तसं चिकटवू नका. लिहून झालं की मला पाठवा, मी रात्री वाचून परत करते.