संगमरवर की क्वार्ट्झाइट : आमची वाटचाल

बाबांनी लाखनीजवळ हायवेच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये शहाबादी फरशी अन् कडप्पा विकायला सुरुवात केली. मी धंद्यात आलो अन् राजस्थानचा मार्बल आणायला लागलो. पांढराशुभ्र दगड पाहून गिऱ्हाईक खूश, मी पण खूश, अन् त्याच खुशीत फसलो.

एका काकूंच्या घरी पांढरा ओटा बसवून दिला. व्यापाऱ्यानं तो माल मला ‘सॉफ्ट क्वार्ट्झाइट’ म्हणून दिला होता (क्वार्ट्झाइट म्हणजे दिसायला मार्बलसारखा, पण त्याहून कठीण दगड), मी पण तसंच सांगून विकला. दोन महिन्यांनी काकूंचा फोन, “भाऊ, येऊन पाहून जा एकदा.” गेलो तर लिंबू कापायच्या जागी फिके गोल, पॉलिश उडालेलं, बोट फिरवलं की खरखर लागे, अन् काकू बिचाऱ्या रोज घासून राहिल्या होत्या. घासून काय जाणार, लिंबानं दगडच खाल्ला होता! मार्बल होता तो. ओटा आमच्या खर्चानं बदलून दिला.

मग मी या दोन दगडांच्या मागेच लागलो. दोन्ही जमिनीच्या पोटात दाबानं अन् उष्णतेनं बदललेले, पण मार्बल मूळचा चुनखडीचा अन् क्वार्ट्झाइट वाळूच्या दगडाचा, म्हणजे जवळपास सगळी गारगोटीच, दाणे असे घट्ट जुळलेले की फोडला तर दाण्यांच्या मधून नाही, दाण्यांतूनच फुटतो. कठीणपणाच्या 1 ते 10 च्या मोह्स मापात मार्बल 3 अन् क्वार्ट्झाइट 7. साधा चाकू मार्बलवर रेघ ओढतो, क्वार्ट्झाइट मात्र उलटा काचेवर ओरखडा काढतो.

म्हणून मूर्ती, देव्हारा मार्बलचाच करावा, छिन्नी ऐकते त्याला, ताजमहालाला राजस्थानातल्या मकरान्याचा मार्बल उगाच नाही. ओट्याला, जिन्याच्या पायऱ्यांना क्वार्ट्झाइट. महाग पडतो, कारण कटरचे ब्लेड फार खातो, अन् त्याची कोरडी धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, म्हणून आमच्याकडे पाणी सोडल्याशिवाय अन् मास्क लावल्याशिवाय कोणी मशीनला हात लावत नाही, यात मी कोणाचंच ऐकत नाही.

काकूंकडून काढून आणलेला तो ओटा आता दुकानाच्या दाराशीच ठेवला आहे. बाजूला क्वार्ट्झाइटचा तुकडा अन् वाटीत लिंबू. ओटा पाहायला कोणी आलं की आधी लिंबू हातात देतो, म्हणतो, दोन्हीवर पिळा अन् चहा होईपर्यंत बसा.