डास मारायची रॅकेट आतून कशी असते

पावसाळा लागला आणि नेमकी तेव्हाच आमची डास मारायची रॅकेट मेली. चार्जिंगला लावली की लाल लाइट लागायचा पण बटण दाबलं तर चटचट काही नाही. घरचे म्हणाले फेक आणि नवी आण, मला मात्र आत काय असतं ते बघायचंच होतं.

हँडलचे स्क्रू काढले, एक स्टिकरखाली लपवलेला असतो, तो सापडला नाही की लोक सरळ प्लास्टिक तोडतात. आत एक काळी ४ व्होल्टची बॅटरी, बोटभर सर्किट आणि पिटुकला ट्रान्सफॉर्मर. मला वाटलं हा चार्जिंगचा असणार, पण सर्किटवरच्या तांब्याच्या रेघा बघत गेलो तर प्लगची एक पिन थेट एका तपकिरी कपॅसिटरला (चार्ज साठवणारा छोटा भाग), त्यावर छापलंय १०५जे ४००व्ही, म्हणजे १ मायक्रोफॅरड. आपल्या २३० व्होल्ट ५० हर्ट्झला तो साधारण ३२०० ओहमचा अडथळा करतो, त्यामुळे ७० मिलीअँपच्या आसपासच करंट जातो, पुढे एसीचा डीसी करणारे चार डायोड की झाला चार्जर! डोकं लावलंय राव. पण यात घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनपासून काही वेगळं केलेलंच नाही, म्हणजे प्लग लावलेला असताना बॅटरीच्या तारेला हात लावला तरी शॉक बसू शकतो. म्हणून प्लगमध्ये असताना कव्हर उघडायचं नाही म्हणजे नाही.

ट्रान्सफॉर्मरचं काम बटण दाबल्यावर. ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेवर चालणारा पिटुकला स्विच, बॅटरीचा करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, ट्रान्सफॉर्मर तो व्होल्टेज वाढवतो आणि पुढचे डायोड-कपॅसिटर त्याची उतरंड रचून हजाराच्या वर नेतात. मोजायचा मोह झाला होता, पण माझं मीटर १००० व्होल्टपर्यंतचंच, उगाच कशाला. बाहेरच्या दोन जाळ्या एकाच टोकाला आणि मधली दुसऱ्या टोकाला जोडलेली, म्हणून नुसत्या बाहेरच्या जाळीला बोट लागलं तर सहसा काही होत नाही, डास मात्र आत शिरला की खलास.

बॅटरी मोजली तर जेमतेम दीड व्होल्ट, पाहिजे चारच्या वर. ही लेड ॲसिड, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पिल्लूच म्हणा. लाल लाइट फक्त प्लग लावलाय एवढंच सांगतो, फुल झाली की बंद करणारं आत काहीच नाही, आणि आमच्याकडे ती रोज रात्रभर प्लगला लटकलेली, आतलं पाणी सुकणारच.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून त्याच मापाची नवी बॅटरी आणली. घरात जुन्या मोबाईलचा लिथियम सेल पडलेला होता, तो घालावा असं मनात आलं होतं, पण चार्जिंग कुठे थांबवायचं हेच ज्या सर्किटला कळत नाही त्यावर लिथियम म्हणजे आगीला आमंत्रण. लाल तार प्लसला, काळी मायनसला, सोल्डरचे दोन टाके, स्क्रू लावले आणि संध्याकाळी बाल्कनीत पहिली चटचट. आता चार्जिंगला लावताना मोबाईलवर अलार्म लावतो, पाच-सहा तासांनी काढायची.